चष्म्याचा नंबर आणि परवान्याचा दाखला

मंचरपासून ओतूरपर्यंत आणि घोडेगावापासून आळेफाट्यापर्यंत जिथे जिथे नेत्रतपासणीच्या निमित्ताने माझे जाणे होते, तिथे तिथे वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण करू इच्छिणारी मंडळी एकच प्रश्न विचारतात, ‘‘डॉक्टर, चष्म्याच्या दुकानात यंत्रावर नंबर काढला, चिठ्ठीही मिळाली; मग दाखल्यावर सही करायला पुन्हा डोळे कशाला तपासता?’’

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ज्या वयात आपल्याकडे चाळिशी लागते, त्याच वयापासून, म्हणजे 40 वर्षे पूर्ण होताच, नूतनीकरणाच्या अर्जासोबत नमुना 1-अ मधील वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. वाहतुकीच्या वाहनाचा परवाना असेल, तर वय कितीही असो. हा दाखला नोंदणीकृत डॉक्टरचाच लागतो. दुकानातील चिठ्ठी म्हणजे दाखला नव्हे. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधी अर्ज करता येतो, आणि मुदत संपून वर्ष उलटले की वाहन चालविण्याची चाचणी नव्याने द्यावी लागते. शारीरिक पात्रतेच्या घोषणापत्रात एक प्रश्न असा आहे की, चांगल्या उजेडात 25 मीटर अंतरावरील मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक आपणांस प्रत्येक डोळ्याने ओळखता येतो काय. पंचवीस मीटर म्हणजे साधारण तेहतीस पावले. अंगणात उभ्या केलेल्या जीपपासून ती मोजा, आधी एक डोळा झाका, मग दुसरा, आणि त्यानंतरच ‘होय’ लिहून सही करा.

आता मुख्य मुद्दा. नंबर निघाला म्हणजे डोळा तपासला गेला, असे नव्हे. दुकानातील यंत्र डोळ्यात शिरणारे किरण पडद्यावर नेमके एकत्र येतात की नाही, आणि येत नसल्यास कोणत्या काचेने येतील, एवढेच सांगते. परंतु त्या पडद्यावर मधुमेहाने रक्तस्राव झाला आहे काय, मागची नस सुकत चालली आहे काय, डोळ्याचा अंतर्दाब वाढला आहे काय, याविषयी ते मौन पाळते, कारण ते काम त्याच्याकडे सोपविलेलेच नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही, लाल होत नाही. तो कडेची दृष्टी हळूहळू कुरतडीत आणतो आणि मधली दृष्टी अखेरपर्यंत शाबूत ठेवतो, त्यामुळे समोरच्या तक्त्यावरील बारीक अक्षरे धडाधड वाचणारा इसम निम्मा रस्ता पाहत नसतो आणि त्याला स्वतःला त्याची वार्ताही नसते.

गेल्या टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअप घेऊन येणारे एक गृहस्थ दाखल्यासाठी आले. चष्मा महिन्याभरापूर्वीचा, तक्त्याची शेवटची ओळ बिनचूक. मी त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलो, त्यांना डावा डोळा झाकायला लावला, माझा उजवा मी झाकला, माझ्या उघड्या डोळ्याकडे पाहत राहा म्हणालो आणि त्यांच्या कानाच्या बाजूने बोट हलवीत हळूहळू पुढे आणले. मला ते केव्हाच दिसू लागले होते. त्यांनी ‘‘दिसलं’’ म्हटले तेव्हा बोट माझ्या गालाला टेकण्याच्या बेतात होते. आधी ते हसले. मग, पंधरवड्यापूर्वी महामार्गावर एक मोटारसायकल ‘कुठून आली कोण जाणे’ असे झाले होते, ते त्यांनी सांगितले, आणि गप्प बसले. अंतर्दाब 34 निघाला. 21 च्या वर गेला की आम्ही सावध होतो.

म्हणून पुन्हा सांगतो, नंबर म्हणजे दृष्टी नव्हे. पुणे-नाशिक रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर असते, पण शाळेतून सुटलेले पोर आणि उसातून निघालेला बिबट्या कडेने येतात. ‘‘दाखल्यापुरतं बघा,’’ असे जेव्हा मला कोणी म्हणतो, तेव्हा मला खरोखर संताप येतो. दाखल्यापुरते काय पाहायचे? आणि जे माझे व्यवसायबंधू रोग्याचे तोंडही न पाहता सही ठोकतात, त्यांनी त्या पोराच्या आईचा एकदा तरी विचार करावा.

चष्मेवाल्यांशी माझे वैर नाही. उलट, नंबर वारंवार बदलतो असे पाहून रोग्याला आमच्याकडे पाठविणारे चांगले दुकानदार या भागात आहेत. नंबर कागदावर लिहून घ्या. साखर चढलेली असताना नंबर काढू नका, ती आटोक्यात आल्यावर तोच नंबर बदलतो. रात्री वाहन चालविण्यासाठी रंगीत काचा घेऊ नका, कोणी कितीही शिफारस करो.

डॉक्टर मनोहर डोळे यांनी नारायणगावी नेत्ररुग्णालय उभे केले आणि त्यांच्या कार्याबद्दल 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. मंचरला उपजिल्हा रुग्णालयही आहे. तेव्हा तपासणीसाठी पुणे गाठावे लागते, ही सबब आता चालणार नाही.

ते पिकअपवाले गृहस्थ आता रोज रात्री थेंब घालतात. उरलेली दृष्टी राखता येईल, गेलेली परत येणार नाही. पिकअप मुलगा चालवितो. काचबिंदूच्या रोग्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना हा धोका इतरांहून अधिक असतो. या गृहस्थांना दोन भाऊ आहेत, दोघेही वाहने चालवितात, आणि मी दोनदा निरोप धाडूनही दोघे अद्याप आलेले नाहीत. ते हे ऐकत असतील, तर त्यांनी याच आठवड्यात यावे. परवान्याची मुदत संपण्याची वाट पाहू नये.