योहाना डोबरायनर आणि मुळांवरचे जीवाणू
(शिक्षक-संमेलनापुढे केलेले भाषण)



भुईमुगाचे वा चवळीचे रोप उपटून त्याच्या मुळांवरील गाठी आपण मुलांना दाखवितो. त्यांतील जीवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, हेही सांगतो. अशा वेळी एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, ज्वारीला नि उसाला गाठी का नसतात? त्यांना नत्र कोण देतो?" याच प्रश्नापायी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या योहाना डोबरायनर यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

१९२४ साली चेकोस्लोव्हाकियातील एका जर्मनभाषी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९४५ साली महायुद्ध संपताच तेथील जर्मनभाषकांना देश सोडावा लागला आणि प्राध्यापकांची ही कन्या जर्मनीतील शेतांवर गाईंच्या धारा काढू लागली, शेणखत पसरू लागली. पुढे म्युनिक येथे शेतकीचे शिक्षण, विवाह आणि ब्राझीलला स्थलांतर. रिओ दि जानेरोजवळील सेरोपेदिका येथे शेतकी मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले. तीच त्यांची कर्मभूमी ठरली.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. परंतु पिकास तो जसाच्या तसा घेता येत नाही. कारखान्यात त्याचे खत करावयाचे तर चारशे-पाचशे अंश उष्णता व प्रचंड दाब लागतो. जीवाणू तेच कार्य मातीच्या गारव्यात करतात. मात्र त्यांचीही एक अडचण असते. पुष्कळांना जगण्यास प्राणवायू हवा आणि नत्र बांधणारे त्यांचे विकर तर प्राणवायूनेच निकामी होते! हे जाणून डोबरायनरबाईंनी कुपीत खळीसारखे अर्धवट गोठलेले, नत्ररहित माध्यम घेतले व त्यात मुळाचा तुकडा सोडला. प्राणवायू बेताचा असेल त्या थरात जीवाणू आपण होऊन जमत आणि पृष्ठभागाखाली पांढुरका पडदा धरे. युक्ती इतकी साधी, की कोणत्याही लहान प्रयोगशाळेस परवडावी. तिच्याच बळावर तृणधान्यांच्या मुळांशी राहणारे अॅझोस्पिरिलम १९७० नंतरच्या दशकात पुढे आले. १९८८ साली उसाच्या अंतरंगात वसणाऱ्या नत्रबंधक जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ऊस-बेण्यास अॅसिटोबॅक्टर म्हणून लावतात, तो हाच.

त्यापूर्वीची एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९६० नंतर ब्राझीलमध्ये सोयाबीन पसरू लागले, तेव्हा वाणांची निवड नत्रखताविनाच करावी, असा आग्रह त्यांनी धरला. आयते खत मिळालेले रोप गाठी धरण्यास आळसते. त्या वाफ्यांत निवडलेला वाण पुढे शेतकऱ्याकडेही खतच मागणार. आग्रह मान्य झाला. आज सोयाबीन पिकविण्यात तो देश जगात अग्रेसर आहे आणि त्या पिकाचा बहुतेक नत्र गाठींतूनच येतो.

तृणधान्यांविषयीच्या आरंभीच्या आशा मात्र पुऱ्या झाल्या नाहीत. प्रथम काढलेले नत्राचे आकडे फुगलेले होते. अॅझोस्पिरिलमचा बराचसा लाभ मुळांची वाढ करणाऱ्या द्रव्यांमुळे होतो, असे पुढे दिसून आले. बाई २००० साली निवर्तल्या, त्या सेरोपेदिका येथेच. उसापुरते त्या मुलाला आता काही सांगता येते. ज्वारीचे उत्तर अजून अपुरेच आहे.