पहिला प्रयोग आणि दुसरा



विद्यार्थी मित्रांनो, महिनाभर तालीम करून तुम्ही आज शाळेच्या या रंगमंचावर उभे राहणार आहात. म्हणून आज मी पहिल्या प्रयोगाबद्दल बोलणार आहे. रॉक संगीताचा एखादा बँड दौऱ्यावर निघतो, तेव्हा दौऱ्याच्या पहिल्या रात्री कलावंतांची जी अवस्था असते, ती तुमच्या आजच्या अवस्थेहून फार निराळी नसते. फरक एकच : त्यांना उद्याही वाजवायचं असतं. पहिल्या प्रयोगाची खरी किंमत दुसऱ्या प्रयोगात कळते, आणि आपल्या शाळांमध्ये नेमका तो दुसरा प्रयोगच होत नाही, हे मला आज तुमच्यापुढं मांडायचं आहे.

दौऱ्याची पहिली रात्र जरा जवळून पाहू. दुपारी रिकाम्या सभागृहात आवाजाची चाचणी होते. प्रत्येक वाद्याचा आवाज जुळवला जातो. गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडं तोंड करून मॉनिटर स्पीकर ठेवतात. गाण्यांचा क्रम लिहिलेला कागद पायाशी चिकटवलेला असतो. सगळी जय्यत तयारी असते. पण संध्याकाळी सभागृह भरतं आणि आवाज बदलतो. माणसांची शरीरं आणि अंगावरचे कपडे ध्वनी शोषून घेतात, त्यामुळं दुपारी घुमणारा आवाज रात्री कोरडा वाटू लागतो. त्यात टाळ्या, शिट्ट्या आणि स्वतःच्या छातीची धडधड. म्हणजे बंद खोलीत कितीही तालीम केली, तरी आपलं काम लोकांमध्ये कसं ऐकू येतं हे कलावंताला पहिल्यांदा कळतं ते लोकांसमोरच. दुसऱ्या दिवशी गाण्यांचा क्रम बदलतो, एखादी जागा आटोपती घेतली जाते, एखादी लांबवली जाते. पहिली रात्र दुसऱ्या रात्रीला असं शिकवते.

याचा पुरावा महाराष्ट्राच्या मातीतच आहे. जग ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं, तो फारुख बलसारा हा पारशी मुलगा 1946 साली झांझिबारमध्ये जन्मला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथं पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ते वाजवत. त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारुख पियानोवर बसायचा. जगातल्या थोर रॉक गायकांत ज्याची गणना झाली, तो शाळेत मुख्य गायकही नव्हता! पुढं त्याचा ‘क्वीन’ हा बँड एप्रिल 1974 मध्ये डेन्व्हर इथं अमेरिकेत पहिल्यांदा उभा राहिला, तोही ‘मॉट द हूपल’ या दुसऱ्या बँडच्या आधी वाजवणारा पाहुणा म्हणून. महिन्याभरातच गिटारवादक ब्रायन मे याला कावीळ झाली आणि दौरा अर्ध्यावर सोडून सगळे मायदेशी परतले. तिथंच हिशेब मिटवला असता, तर अमेरिकेची मोहीम फसली असंच म्हणावं लागलं असतं. पण त्याच वर्षी त्यांनी नवा अल्बम काढला आणि 1975 मध्ये ते अमेरिकेत परत गेले, या वेळी मुख्य बँड म्हणून. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’च्या कार्यक्रमात त्यांनी जेमतेम वीस मिनिटांत लोकांना जिंकलं. त्या वीस मिनिटांमागं दीड दशकाचे प्रयोग उभे होते.

आपल्या संगीत रंगभूमीचंही असंच आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा सातपैकी चारच अंक रंगमंचावर आले होते, पूर्ण नाटक नंतर उभं राहिलं. पुढं नाटक मंडळ्या गावोगाव मुक्काम करत हिंडल्या आणि आपल्या वऱ्हाडानं त्यांना भरभरून आश्रय दिला. 1905 सालच्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, हे आपण अभिमानानं सांगावं. गाव बदललं की प्रेक्षक बदलायचा आणि त्याच नाटकाची नव्यानं परीक्षा व्हायची. त्या फिरतीतच नट तयार झाले.

यावर कुणी म्हणेल, मग पहिल्या प्रयोगात कच्चं काम खपवून घ्यायचं का? मुळीच नाही. समोर बसलेला माणूस आपला वेळ देऊन आलेला असतो. त्याच्यापुढं पाठांतर नसलेलं नाटक ठेवणं हा त्याचा अपमान आहे. तालीम पुरीच हवी. पण पेरणी उत्तम साधली म्हणून कोणी शेतकरी डवरणी-निंदण सोडत नाही. पूर्ण तयारीनंतरही जे उरतं, ते शिकायला दुसरी संधी लागते, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाचगणीची निवासी शाळा कुठं आणि आपली तालुक्याची शाळा कुठं? तिथं पियानो होता, इथं काय आहे? हा प्रश्न खरा आहे, आणि साधनांची विषमता मी नाकारत नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज आठवा. शालेय शिक्षण फार झालेलं नव्हतं, हातात एक खंजिरी होती. गावोगाव भजनं म्हणत त्यांनी हजारोंचा समुदाय बांधून ठेवला आणि 1955 मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत पोचले. महागडं वाद्य त्यांच्याकडं नव्हतं. रोज नवं गाव, नवे श्रोते आणि पुन्हा पुन्हा उभं राहणं मात्र होतं. ही संधी गरीब शाळाही देऊ शकते.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. पालकांची काळजी रास्त आहे. दहावी-बारावीच्या मुलांना यातून मोकळं ठेवा. पण बाकीच्यांसाठी हाही अभ्यासच आहे. चूक झाली, ती कळली, सुधारून पुन्हा केली, हा क्रम गणिताच्या वहीत जितका मोलाचा, तितकाच रंगमंचावर. आज ज्या मुलीचा आवाज पहिल्या कडव्यात कापेल, तिला दुसरा प्रयोग मिळाला नाही, तर ती जन्मभर एवढंच लक्षात ठेवील की आपला आवाज कापला. दुसरा मिळाला, तर तो सावरता येतो हे तिला कळेल.

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. आजचे निवडक चार-पाच कार्यक्रम परीक्षा संपल्यावर पिंजर, महान, धाबा अशा आसपासच्या गावांतल्या शाळांच्या पटांगणावर न्या. मंडप नको, रोषणाई नको. एक पेटी, एक ढोलकी आणि दुपारचे दोन तास पुरेत. तिथली मुलं तुमचं पाहतील, तुम्ही त्यांचं पाहा. आणि मुलांनो, आज काही चुकलं तर घरी जाऊन ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या तालमीची सुरुवात तिथूनच करा. तुम्हा सगळ्यांना आजच्या प्रयोगासाठी आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगासाठी मनापासून शुभेच्छा.