पोवळ्याच्या खडकाची शाळा
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आमची पुतणी ऑस्ट्रेलियात नेमके काय शिकली, हे गेली दोन वर्षे मंडळात भेटणारा प्रत्येक जण विचारतो. संगणक नाही, डॉक्टरकी नाही; प्रवाळखडकांचे भूशास्त्र. हे सांगितले की समोरचा जरा थांबतो आणि हळूच म्हणतो, "बरं, पण पुढे काय?" कार्यकारिणीने सुचवले की एकदाच सगळ्यांना सांगून टाका. आम्ही डिप्लोमावाले, सरकारी रस्तेखात्यात नोकरी करणारे. विषय तिच्याकडूनच समजून घेतला आहे.

प्रवाळ म्हणजे पोवळे. मात्र मंगळाच्या अंगठीत बसवतात ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, निराळ्या जातीचे. खडक बांधणारे प्रवाळ उष्ण, उथळ समुद्रात राहतात. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच. समुद्राच्या पाण्यातून तो चुनखडी तयार करतो आणि तिचे घर बांधतो. जीव मेला तरी घर उरते, त्यावर पुढची पिढी बांधते. हजारो वर्षांनी त्याचा खडक होतो, म्हणून हा भूशास्त्राचाही विषय.

चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडले की ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, भोवतीचे प्रवाळ मात्र वर वर वाढत राहतात आणि शेवटी नुसते कंकण उरते. खरे-खोटे करायचे तर भोक पाडून तळ गाठायला हवा. १८९६ ते १८९८ या काळात प्रशांत महासागरातल्या फुनाफुटी बेटावर लंडनच्या रॉयल सोसायटीने खोदकाम करवले. दुसऱ्या मोहिमेचे प्रमुख सिडनी विद्यापीठाचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड होते. १,११४ फूट खाली गेले तरी चुनखडीच लागली, ज्वालामुखीचा खडक काही सापडला नाही. तो सापडला १९५२ साली, एनिवेटॉक बेटावर, सुमारे १,४०० मीटर खोलीवर. डार्विनचे म्हणणे सिद्ध व्हायला ११० वर्षे लागली.

आम्ही रस्त्याचे काम तपासताना यंत्राने गोल तुकडा कापून काढतो. त्याला कोअर म्हणतात. थर किती जाड, माल कसा वापरला, सगळे त्यात दिसते. ठेकेदाराला मग काही बोलायला जागा राहत नाही. पुतणीने पहिल्या फोनवर सांगितले, "काका, आम्हीपण कोअरच काढतो." तेव्हा तिचे शिक्षण आम्हाला एकदम जवळचे वाटले.

प्रवाळाच्या कोअरचा क्ष-किरण फोटो काढला की फिक्या-गडद पट्ट्या दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष. पोराइटीस जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन मीटरच्या तुकड्यात दोनशे वर्षांची नोंदवही. क्वीन्सलँडमधल्या बर्डेकिन नदीला ज्या वर्षी पूर आला, त्या वर्षीची रेघ अतिनील प्रकाशात चमकते. जिथे पर्जन्यमापक नव्हते, तिथला पाऊस प्रवाळाने लिहून ठेवला आहे.

क्वीन्सलँड विद्यापीठाचे संशोधन केंद्र हेरॉन बेटावर आहे, ग्लॅडस्टोन बंदरापासून सुमारे ८० किलोमीटरवर. बेट सगळे प्रवाळाच्या वाळूचे. पुतणी तिथे ओहोटीला जाड तळाचे बूट घालून खडकावर मोजमापे घ्यायची. दादा-वहिनींना धास्ती होती ती समुद्राची. पण बरेच काम पायी चालत होते. पाण्याखाली जायचे तर वैद्यकीय तपासणी आणि रीतसर प्रशिक्षण लागते.

या खडकांवर संकट आहे, हेही सांगायला हवे. पाणी तापले की प्रवाळ आपल्यातले रंगीत शेवाळ बाहेर टाकून पांढरे पडतात आणि पुष्कळ मरतात. ग्रेट बॅरिअर रीफवर असे मोठ्या प्रमाणावर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली झाले. तारखांमधले अंतर पाहा.

हा विषय बडोद्याला परका नाही. ओखामंडळ बडोदे संस्थानात होते. तिथल्या सागरी जीवांचा अभ्यास संस्थानाने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करून घेतला; त्याचे अहवाल १९०९ आणि १९१६ साली निघाले. ज्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले, त्यांच्याच काळातली ही गोष्ट. कच्छच्या आखातात आजही प्रवाळ आहेत आणि १९८२ पासून तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. द्वारकेला आपण सगळेच जातो. वाटेत नराऱ्याला ओहोटीची वेळ साधली तर पायी चालत प्रवाळ पाहता येतात.

आता "पुढे काय" याचे उत्तर. पुतणीला अजून कायमची नोकरी नाही, शिक्षणकर्जाचे हप्ते चालू आहेत आणि घरात सगळे मिळून ते भरत आहोत. हे झाकून भाषण करणे बरे नव्हे. पण कच्छच्या आखातातले प्रवाळ मोजायलाही शिकलेली माणसे लागणार, आणि ती कुणाच्या तरी घरातूनच यावी लागतील. उद्या तुमच्या घरातले मूल असा अनोळखी विषय घेऊन आले, तर खर्चाचा हिशेब जरूर मांडा, शिष्यवृत्त्या शोधा, मात्र त्याआधी त्याला समोर बसवून विचारा, "सांग बरं, काय शिकणार आहेस?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

गणपती बाप्पा मोरया!