मोडक्या मोटारीचा नवा अवतार

मोटार कारखान्यांत जन्मावी आणि मोडीच्या दुकानांत मरावी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मेलेल्या मोटारीचें काळीज, पाय व कणा काढून घेऊन घरच्या पडवींत तिला दुसरें शरीर देणारे हौशी लोकही जगांत आहेत. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठीं जन्मलेली ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूवरची बगी या उद्योगाचें फार गाजलेलें उदाहरण होय.

तिचा कर्ता ब्रूस मेयर्स. जन्म १९२६ चा. दुसऱ्या महायुद्धांत तो ‘बंकर हिल’ या विमानवाहू जहाजावर होता. ११ मे १९४५ रोजीं जपानी आत्मघातकी वैमानिकांनीं त्या जहाजावर विमानें आदळलीं, जहाज पेटलें, आणि मेयर्सला समुद्रांत उडी घ्यावी लागली. युद्धानंतर तो होड्या बांधण्याच्या धंद्यांत पडला. काचेच्या तंतूंचें कापड साच्यावर पसरावें, त्यावर राळेसारखें रसायन चोपडावें, तें वाळलें कीं न कुजणारें व न गंजणारें हलकें कवच हातीं यावें, ही विद्या त्याला तेथें साधली. पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर त्या काळीं हौशी लोक मोठमोठ्या एंजिनांच्या अवजड गाड्या रेटीत असत. येथें दांडगाईपेक्षां हलकेपणाचें काम आहे, हें मेयर्सनें ओळखलें.

त्यासाठीं त्यानें हात घातला जर्मन बनावटीच्या फोक्सवॅगन बीटलला. या निवडीचें मर्म पाहण्यासारखें आहे. बीटलचें एंजिन मागें असतें आणि मागचींच चाकें गाडी ढकलतात; त्यामुळें एंजिनाचा भार नेमका त्याच चाकांवर पडून तीं वाळूंत चांगलीं रुततात व पकड धरतात. एंजिन हवेनेंच थंड होतें. पाण्याची टाकी नाहीं, तिच्या नळ्या नाहींत, आणि पाणी उकळण्याची धास्तीही नाहीं. शिवाय वरचें पत्र्याचें शरीर तळाला केवळ बोल्टांनीं जखडलेलें असतें. ते सोडविले, कीं कासवाची ढाल उचलावी तसें तें चौघांना उचलतां येतें, आणि खालीं एंजिन, गिअर व चाकें यांसह तळ तसाच उभा राहतो.

पहिली तांबडी बगी १९६४ सालीं तयार झाली. आरंभींच्या डझनभर गाड्यांत मेयर्सनें बीटलचा तळ घेतला नव्हता. काचतंतूंचें कवच हेंच अंग आणि तोच कणा. हें प्रकरण खर्चाचें व किचकट ठरलें. मग त्यानें तळ स्वीकारला, मात्र आंखूड करून. नांवही ठेवलें तें आइल ऑफ मॅन बेटावरील बिनशेपटीच्या मांजराचें; आंखूड गाडीला याहून समर्पक नांव कोठून मिळणार?

हें आंखूड करणें हाच घरगुती कारागिराच्या कसोटीचा प्रसंग. बीटलच्या तळाच्या मधोमध एक पोकळ कणा जातो. मागच्या बैठकीजवळ या तळाचा सुमारें सव्वाचौदा इंचांचा तुकडा कापून काढावयाचा व उरलेले दोन भाग जोडावयाचे. सांगावयास हें एका वाक्याचें काम. परंतु त्या कण्याच्या पोटांतूनच गिअरची सळई, क्लचची तार, एंजिनाचा वेग वाढविणारी तार आणि पेट्रोलची नळी जाते. करवत चालविण्यापूर्वीं त्यांचा बंदोबस्त करावा लागतो आणि मागाहून त्या कापलेल्या मापानें आंखूड कराव्या लागतात. गिअरची सळई जोडतांना किंचित् जरी पिळली गेली, तरी गिअर आपल्या जागीं पडेनासे होतात.

मग मापाचा प्रश्न. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सूत धरावें. नंतर उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. आयताचे कर्ण समान असतात, हा शाळेंत मुलांना अगदीं रुक्ष वाटणारा सिद्धांत येथें अकस्मात् प्राणांवर येतो; कारण कर्ण जुळले नाहींत, तर गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालते.

शेवटीं वेल्डिंग. हौशी माणूस बहुधा येथेंच फसतो. टांका वरून चकचकीत दिसतो, पण धातु खोलवर वितळून एकजीव झालेला नसतो. त्यावर रंग चढतो, जाजम पडतें, आणि शेजारच्या जागेवर आनंदानें बसलेल्या त्याच्या मुलाला आपण कशावर बसलों आहों याचा पत्ताही नसतो. सगळें काम आपल्याच हातांनीं करीन, असा हट्ट अशा लोकांचा असतो, आणि एरव्हीं तो कौतुकाचाच आहे. पण ज्याचा हात वेल्डिंगवर बसलेला नाहीं, त्यानें करवत स्वतः चालवावी व सांधा कसबी माणसाकडून घालून घ्यावा. स्वस्तांत मिळाली म्हणून गंजलेली बीटल घेणें हाही तसाच घातकी व्यवहार. गंजक्या पत्र्यावर कोणाचाच टांका टिकत नाहीं.

गाडीचा गुण मात्र लवकरच सिद्ध झाला. एप्रिल १९६७ मध्यें मेयर्स व टेड मँगल्स यांनीं ती पहिली तांबडी बगी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पांत ला पाझपासून तिहुआनापर्यंत ३४ तास ४५ मिनिटांत आणली. खडक, वाळू व कांटेरी रान यांतून जाणारी ती वाट पूर्वीं मोटारसायकलवाल्यांनीं सुमारें ४० तासांत कापली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तेथें रीतसर शर्यत भरली, तीही मँक्सनेंच जिंकली.

कीर्तीच्या मागोमाग नकलाकार आले. ज्याच्याजवळ एक मँक्स, त्याच्याजवळ तिचा साचा. कवचावरून साचा उतरवून घेण्यास कितीसा वेळ? मेयर्सजवळ पेटंट होतें. त्यानें दावा लावला, आणि न्यायालयानें तें पेटंटच रद्द केलें. त्याच्या स्वतःच्या बग्या कांहीं हजार झाल्या. नकला त्याच्या अनेक पटींनीं. १९७० सालीं तो आपल्याच कंपनींतून बाहेर पडला व पुढल्या वर्षीं ती बंद पडली. जी वस्तु कोणालाही घरीं बांधतां यावी म्हणून निर्माण केली, ती कोणीही बांधूं लागला, यांत नवल नाहीं. पण नकलाकारांनीं साच्याबरोबर त्याची भाकरीही उचलली, हें विसरतां येत नाहीं.

त्या पहिल्या तांबड्या बगीची २०१४ सालीं अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहींत नोंद झाली. मेयर्स फेब्रुवारी २०२१ मध्यें वयाच्या ९४ व्या वर्षीं वारला.