स्वभाव की आजार?

स्वभावाला औषध नाही, असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्याला आपण स्वभाव समजतो, तो पुष्कळदा शरीरातला आजार असतो आणि त्यावर उपचारही असतो.

नववीतली मुलगी घ्या. वर्गात पेंगते, पाठ केलेलं विसरते, जिना चढताना धापा टाकते. घरचे म्हणतात, आळशी आहे. तिची खालची पापणी जरा ओढून पाहा. आतली कडा लालसर हवी. पांढुरकी दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. लोह केवळ रक्तासाठी लागत नाही. लक्ष लागावं, हुरूप वाटावा म्हणून मेंदूत जी रसायनं तयार होतात, त्यांनाही ते लागतं. म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहू देऊ नका. ती जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळी झाली तर घाबरू नये. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलेलं उत्तम.

आता बाळंतीण. बाळ चार महिन्यांचं झालं, तरी ती उदास असते, थकलेली असते, तिला थंडी सोसत नाही, केस गळतात. अशा वेळी थायरॉईड ग्रंथीचं काम पाहणारी 'टीएसएच' ही रक्ताची साधी तपासणी करावी. ही ग्रंथी मंदावली असेल तर डॉक्टर गोळी सुरू करतात, आणि शरीराबरोबर मनही सावरू लागतं. तपासणी ठीक आली, तरी तिचं रडणं हे नाटक ठरत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हाही आजारच आहे, त्याचेही उपचार करून घ्यावेत.

आणि घरातले आजोबा. चारचौघांत बसत नाहीत, विचारलं एक तर सांगतात भलतंच. आधी कान तपासा. कधी नुसता मळ साचलेला असतो, कधी श्रवणयंत्र लागतं. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये पुन्हा नोंदवलं. शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडूनही विसराळूपणा येतो. आणि कालपर्यंत ठीक असलेला वृद्ध माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, तर 'वय झालं' म्हणून थांबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातलं सोडियम घटणं यांनीही असं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण ताप, खोकला, दुखणं सांगतो. त्याबरोबर हेही सांगत चला: माणूस आधी कसा होता, कधीपासून बदलला. निदानाची सुरुवात अनेकदा घरच्यांच्या या दोन वाक्यांपासूनच होते.