मडशूटच्या शेळ्या

लंडनमध्ये कॅनरी व्हार्फच्या टोलेजंग इमारतींच्या दक्षिणेला ३२ एकरांचं मडशूट पार्क आहे. मिलवॉल गोदीतून उपसलेला गाळ इथं टाकत, म्हणून हे नाव. १९७०च्या दशकात इथंही उंच इमारती येणार होत्या. रहिवाशांनी तो बेत हाणून पाडला, बरं झालं! आता तिथं मेंढ्या, शेळ्या, लामा चरतात. प्रवेश मोफत.

अशा ठिकाणी प्राण्यांना चारायची परवानगी असेल, तर मुलांना खाऊ सपाट तळहातावर धरायला सांगा. शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते. ओठांनी चाचपत ती दाणे उचलते, तेव्हा तळहाताला गुदगुल्या होतात. नंतर हात साबणानंच धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. डबा त्यानंतरच उघडायचा, पोरं कितीही भुणभुणली तरी!