खोडरबर आज घरीच राहू द्या

नव्यानं चित्रकला शिकणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगा, म्हणून मला इथं बोलावलं आहे. वेळ थोडा आहे, त्यामुळे चार गोष्टी सांगत नाही, एकच सांगते. पेन्सिल कोणती, कागद कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळकरी लेकरालाही एचबी आणि टू-बी यांतला फरक कळतो. मला बोलायचं आहे ते खोडरबराविषयी. चित्र काढायला बसताना तो जवळ ठेवू नका.

उदगीरच्या कुठल्याही शाळेत चित्रकलेच्या तासाला जाऊन बघा. समोर स्टुलावर तांब्या ठेवलेला असतो. लेकरू एक रेघ मारतं, तिच्याकडं बघतं, नाक मुरडतं आणि पुसतं. पुन्हा मारतं, पुन्हा पुसतं. तास संपता संपता पानावर अर्धा गळा, एक राखाडी डाग आणि रबराचा चुरा. कागदाची लव निघून गेलेली असते, तिथं पेन्सिल मग नीट बसतही नाही. लेकरू म्हणतं, 'बाई, मला चित्र येत नाही.' अरे, चित्र तू काढलंसच कुठं? तासभर तू पुसत बसला होतास!

पुसल्यानं नेमकं काय बिघडतं, ते नीट ऐका. चुकीची रेघ पुसली की ती कुठं होती हेच डोळ्याला कळेनासं होतं. मग हात त्याच सवयीनं, त्याच जागी, तशीच रेघ पुन्हा ओढतो. तीच रेघ राहू दिली तर डोळा म्हणतो, बरोबर जागा हिच्यापेक्षा दोन सूत आत आहे, किंवा वर आहे. मोजायला काहीतरी मिळतं. बरोबर रेघ सापडते ती चुकीच्या रेघेच्या शेजारी. म्हणून पहिली रेघ फिकी मारायची, तशीच ठेवायची, तिच्या बाजूला दुसरी मारायची, आणि पटली ती ठळक करायची.

तांब्याचंच घ्या. नवशिक्या तांब्याचं तोंड छान लांबट गोल काढतो आणि बूड मात्र पट्टीनं आखल्यासारखं सरळ. कारण त्याला माहीत असतं की स्टूल सपाट आहे आणि तांब्या त्यावर टेकलेला आहे. माहीत आहे ते काढलं, दिसतं ते काढलं नाही. तांब्या नजरेच्या खाली ठेवलाय ना? मग तोंडाचा गोल जितका पसरट दिसतो, त्यापेक्षा बुडाचा गोल जास्त उघडा दिसणार, कारण तो नजरेपासून आणखी खाली आहे. बुडाच्या कडेला चांगला बाक येणार. आता ती सरळ रेघ पुसू नका. तिच्याखाली बाकदार रेघ ओढा. दोन्ही रेघा पानावर शेजारी शेजारी दिसल्या की पुन्हा कधी बूड सरळ काढणार नाही तुम्ही. पुसली असती तर उद्या परत सरळच काढलं असतं.

आपल्या भागात घरोघरी ज्वारीची भाकरी होते. पोरगी पहिल्यांदा भाकरी करायला बसते तेव्हा काय होतं, आठवा. कड चिरते, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, उचलताना तुकडा हातात येतो. आई काय म्हणते? 'टाक तव्यावर, दुसरा गोळा घे.' ती वाकडी भाकरी भाजली जाते, दुधात कुस्करून कुणीतरी खातं, आणि पोरगी पुढच्या गोळ्याला लागते. एकाच भाकरीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत नीट करत बसलेली पोरगी मी तरी बघितली नाही. आणि आईचा हात बघा. मधे जोर देत नाही, जोर दिला की भाकरी फाटते. हलक्या हातानं थापते, भाकरी आपोआप परातीत फिरत राहते, आणि नजर सगळा वेळ कडेवर. कुठं जाड राहिली, कुठं चिरायला लागली, ते कडेवर कळतं. पेन्सिलही तशीच हलकी धरायची. मुठीत आवळायची नाही, टोकाजवळ धरायची नाही. मनगट घट्ट टेकवून रेघ ओढली की ती आखूड आणि तुटक येते. कोपरापासून, खांद्यापासून हात फिरू द्या. आणि नजर वस्तूच्या कडेवर. पहिल्या भाकरीसारखं पहिलं चित्रही तव्यावर टाका. म्हणजे तारीख घालून ठेवून द्या आणि नवीन पान घ्या.

नजर कडेवर ठेवा, हे मी काही नवीन सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये किमोन निकोलायडिस नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९४१ साली आलं. कडेच्या सरावात निकोलायडिस विद्यार्थ्यांना कागदाकडं बघूच देत नसत. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायचा आणि त्याच चालीनं पेन्सिल. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ द्या. डोळा मात्र तयार होतो. आणि कागदाकडं बघायचंच नाही म्हटल्यावर पुसणार काय? रबर आपोआप सुटतो!

आणि हा रबर तरी किती जुना? उदगीरची लढाई १७६० ची, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. त्या लढाईनंतर दहा वर्षांनी, १७७० च्या सुमारास, लंडनच्या दुकानात पेन्सिल पुसायला रबराचे तुकडे विकायला आले. त्याआधी तिकडं पावाच्या चुऱ्यानं पुसत. म्हणजे रबराला अडीचशे वर्षंच झाली. अजिंठा त्याच्या कितीतरी आधीचा. तिथं भिंतीवर आधी लाल रंगाची रेघ मारत, मग रंग भरत, आणि शेवटी गडद रेघेनं आकार पक्का करत. पहिली रेघ चाचपडायला, शेवटची रेघ ठरवायला. हा आपल्याच मराठवाड्याचा पाठ आहे. मी म्हणते तोच. पहिली रेघ पुसायची नाही, तिच्यावर पुढचं काम उभं करायचं.

घरातला तांब्या झाला की बाहेर पडा. आपल्या तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार भरतो. वही घेऊन तिथं जा. देवणी जातीचा बैल उभा असतो. कपाळ पुढं आलेलं, कान लोंबते, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असले तर तो शेवरा, आणि तोंडाच्या बाजू काळ्या असल्या तर वानेरा. पशुपालकाला हे लांबून ओळखू येतं, मग चित्र काढणाऱ्याला का येऊ नये? पण बैल तुमच्यासाठी थांबत नाही. मान वळवतो, शेपटी मारतो, गिऱ्हाईक आलं की मालक त्याला फिरवून दाखवतो. तिथं पुसायला सवडच नाही. पाठीची रेघ एका दमात घ्या, वशिंडापासून शेपटीपर्यंत. मग चार पायांकडं बघू नका, पायांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघा. त्या जागेचा आकार बरोबर आला की पाय बरोबर येतात. बैलानं मान वळवली तर त्याच पानावर शेजारी दुसरी मान काढा. एका बैलाला तीन माना झाल्या तरी चालेल. त्या तीन मानांतून तुम्हाला बैल कळला.

आता पालकांना दोन शब्द, थोडे कडक. लेकराच्या वहीत रेघांचा गुंता दिसला की 'हे काय घाण केलंय' म्हणता. त्या शब्दामुळेच ते रबर शोधतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपली पुष्कळ मुलं बसतात, दहावीला वाढीव गुण मिळतात, चांगलंच आहे. परीक्षेत रबर वापरा, भूमितीला तर तो लागतोच. पण वर्षभराचा सराव परीक्षेच्या पानासारखा चकचकीत का हवा? स्मरणचित्राच्या पेपरला तर मुलं माणसं पाठ करून जातात. हात वर केलेला एक माणूस, डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई, जत्रा असो की बसस्थानक, तीच दोघं. उदगीरच्या चौबाऱ्यात जाऊन पाच मिनिटं उभं राहा, पाटी घेतलेली बाई चालताना कमरेत कशी कलते ते बघा. घाईनं रेघा मारा, पुसू नका. स्मरणात काही गेलंच नाही तर स्मरणचित्रात येणार कुठून?

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण लहानपणापासून कावळा काढत. जे. जे. कला महाविद्यालयानं त्यांना प्रवेश नाकारला होता, तरी कावळा सुटला नाही. नामवंत झाल्यावरही काढतच राहिले. तोच पक्षी, पुन्हा पुन्हा, दर वेळी नवीन कागदावर. मोबाईलवरच्या चित्रावरून चित्र उतरवणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. पडद्यावर कुणीतरी आधीच कड ठरवून दिलेली असते, तुमच्या डोळ्याला शोधायला काही उरतच नाही, आणि मग… हा विषय मोठा आहे, तो आज पुरा होणार नाही. खिडकीतला कावळा घ्या, एवढंच म्हणते.

समोरून वेळ संपल्याची खूण होते आहे. छायाप्रकाशाचं तर राहूनच गेलं. तेवढं एक सांगते. रात्री जेवणं झाल्यावर तांब्या ओट्यावर ठेवा, खोलीत एकच दिवा, तोही एका बाजूनं. दोन दिवे असले की सावल्या एकमेकींत मिसळतात आणि नवशिक्याला काही उमगत नाही. डोळे किंचित बारीक करा, म्हणजे अंधाराचा मोठा आकार आधी दिसेल. तो फोर-बीनं आडव्या रेघांनी भरा. उजेडाची जागा कोरी सोडा. कोरी सोडायची, काळी करून रबरानं काढायची नाही.